मावशीची साडी

'मोरूची मावशी' हे नाव नुसतं कानावर पडलं तरी आमच्या घरात सगळे माझ्याकडे बघून हसायला लागतात. मी त्या नाटकात काम केलं होतं असं नाही. पण त्यातल्या मावशीला साडी नेसवायचं काम सहा वर्षं माझ्याकडे होतं! आमच्या शाळेचे गणिताचे सर, उंची पावणेसहा फूट, आवाज असा की नववीचा वर्ग शेवटच्या बाकापर्यंत गार पडावा, ते मावशी व्हायचे आणि मी रंगपटात तोंडात पिना धरून त्यांच्या निऱ्या काढायची. साडीबरोबर पैशांची पेटी आणि जमाखर्चाची वहीही माझ्याकडेच. मराठीच्या बाई म्हणजे अक्षर चांगलं, आणि अक्षर चांगलं म्हणजे हिशेब चोख, असा मुख्याध्यापकांचा समज असावा.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात पुण्याहून नातीचा फोन आला. ती आणि तिचे नोकरी करणारे दहा-बारा मित्रमैत्रिणी मिळून एक विनोदी नाटक बसवताहेत. शनिवार-रविवारी गावोगाव प्रयोग करायचे आणि उरलेला पैसा मुलांच्या एका बालगृहाला द्यायचा, असा बेत आहे. "आजी, तुझ्याकडची ती निळी इरकल अजून आहे का गं? आमच्यातही एका मुलाला बाई व्हायचंय." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! लगेच स्टूल घेऊन माळ्यावर चढणार होते, पण सूनबाईंनी दटावून खाली बसवलं.

थोड्या वेळानं नातीनं फोनवर नाटकाची जाहिरात पाठवली. एक मिनिटाची चित्रफीत. सुरुवातीला बासरीचे करुण सूर, मग एकेका मुलाचा चेहरा अगदी जवळून, मोठे मोठे डोळे, आणि शेवटी तिकिटांचे दर. खाली प्रश्न : "आजी, कसं वाटलं?"

दोन दिवस मी उत्तरच दिलं नाही. 'छान' म्हणवेना आणि 'वाईट' म्हणायचा अधिकार मला आहे की नाही, ते कळेना. कारण तीच चूक मी स्वतः केलेली आहे. ही गोष्ट मी घरातही कधी कुणाला सांगितलेली नाही. आज सांगते.

आमची शाळा साखर कारखान्याच्या टापूतली. दिवाळी झाली की बीड, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असायची, ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोप्या पडायच्या. पहाटे आईबाप फडात गेले की मागे उरायची ती मुलं. मोठं मूल धाकट्याला सांभाळणार, थोडं मोठं झालं की मोळ्या वाहणार. गावाकडच्या शाळेत पटावर नाव असायचं, पण मूल आमच्या गावच्या तळावर! गाळप संपून घरी जाईपर्यंत परीक्षा तोंडावर आलेली. अशी दोन-तीन वर्षं गेली की शाळा सुटलीच म्हणायची.

गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी आपल्या वाड्याच्या दोन खोल्यांमध्ये अशा बावीस मुलांची राहायची सोय केली. दिवसा मुलं आमच्या शाळेत बसायची, रात्री गुरुजींकडे जेवायची, झोपायची. जागा झाली, पण ज्वारी, तेल, रॉकेल, घोंगड्या, पाट्या-पुस्तकं? गुरुजींची पेन्शन ती केवढी! तेव्हा १९८६ च्या गणेशोत्सवात आम्ही शिक्षकांनी हौसेनं बसवलेलं 'मोरूची मावशी' गावाला आवडलं होतं. गणिताचे सरच म्हणाले, "एवढी साडी नेसलोच आहे, तर चार गावं फिरून येऊ की."

ज्यांना नाटक ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडंसं. ब्रँडन थॉमस यांचं 'चार्लीज आंट' हे १८९२ सालचं इंग्रजी नाटक. त्यावरून आचार्य अत्र्यांनी आपली मावशी रचली. तरुणांना आपल्या आवडत्या मुलींना घरी बोलवायचं आहे, तर घरात कुणी वडीलधारी बाई हवी. खरी मावशी काही वेळेवर येत नाही, मग मित्रालाच साडी नेसवून मावशी करतात आणि पुढे एकेक घोटाळा वाढत जातो. व्यावसायिक रंगभूमीवर विजय चव्हाणांनी ही मावशी घरोघरी नेली, ते आमच्याच काळात. अत्रे स्वतः पुण्याच्या कॅम्पमधल्या शाळेचे मुख्याध्यापक होते, मुलांसाठी 'नवयुग वाचनमाला' त्यांनी केली. त्यामुळे मास्तराचं नाटक मास्तरांनी करायचं, यात आम्हाला काही गैर वाटलं नाही!

प्रयोग शनिवारी रात्री, रविवारी पहाटे परत, सोमवारी प्रार्थनेला सगळे हजर. मे महिन्यात जरा लांबचे दौरे. भाड्याच्या टेम्पोत ड्रॉइंगच्या सरांनी रंगवलेले पडदे, दोन खुर्च्या, एक टेबल, कपड्यांच्या ट्रंका आणि त्यांच्यावर आम्ही. आधीच्या आठवड्यात दोघांनी त्या गावी जाऊन 'देणगी प्रवेशिका' खपवायच्या. पंचवीस, पंधरा आणि दहा रुपये. पण खरं सांगू? तिकिटांवर फारसं काही उरत नसे. मंडप, ध्वनिक्षेपक, दिवे, टेम्पो, रंगभूषेचं सामान, लेखकाच्या मानधनाची मनिऑर्डर, सगळ्यांचं पिठलं-भाकरी, हे वजा जाता तिकिटांमधला निम्मा पैसा हाती लागला तर नशीब. तारणहार म्हणजे स्मरणिका. पान-अर्धं पान जाहिराती. किराणा दुकानदार, कापडवाले, खतांचे विक्रेते, 'एक शुभेच्छुक'. छपाईचा खर्च एकदाच, त्यामुळे पुढची प्रत्येक जाहिरात म्हणजे निव्वळ ज्वारी!

आणि लोक हसायचे, अहो काय हसायचे! एकदा दुसऱ्या अंकात सरांच्या निऱ्या सुटायला लागल्या. चूक माझी, पिन घाईत लावलेली. खालून पँट दिसायला लागली. प्रेक्षकांत निम्मी त्यांच्याच वर्गातली मुलं. सर क्षणभर थांबले, मावशीच्या आवाजात विंगेकडे बघून म्हणाले, "अहो बाई, समीकरण सुटलं!" पाच मिनिटं नाटक पुढे जाईना.

गुरुजींकडची मुलं तालमींना यायची. खिडकीत, दारात, जिथे जागा मिळेल तिथे बसायची. त्यांत सहावीतला एक मुलगा होता. बीडकडचा. त्याला सगळ्या नाटकाचे संवाद पाठ झाले होते. विंगेत पुस्तक धरणाऱ्या आमच्या सहकाऱ्याच्या आधी तो ओठ हलवायचा. मावशी आली की पोट धरून गडाबडा लोळायचा. माझ्या वर्गातही कविता म्हणायला सगळ्यांत पुढे.

आता तो दिवस. १९८९ चा फेब्रुवारी. तिसऱ्या वर्षी उत्पन्न घटलं होतं. आसपासच्या गावांनी नाटक एकदा बघितलेलं, परत तिकीट कोण काढणार? गुरुजींकडे मुलं मात्र बावीसची एकतीस झालेली. एका तालुक्याच्या गावी प्रयोग ठरला होता. तिथल्या आयोजकांपैकी एक गृहस्थ म्हणाले, "बाई, मध्यंतरात मुलांना स्टेजवर उभं करा. लोकांना दिसू द्या पैसा कुणाला जाणार ते. झोळी फिरवू, बघा कशी भरते."

मला ते पटलं. मुख्याध्यापकांना मीच राजी केलं. इथवरचं पुष्कळांकडून होईल. पण पुढचं जे केलं ते माझ्या एकटीच्या डोक्यातून निघालेलं. मुलांना दिवाळीत आम्ही नवे गणवेश शिवले होते. ते घालून मुलं निघाली, तर मीच म्हटलं, "अरे, हे नकोत. तळावरचे जुने कपडे घाला." नव्या कपड्यांतल्या मुलांची कुणाला दया येणार?

मध्यंतराची घंटा झाली, पडदा पुन्हा वर गेला. आठ मुलं ओळीनं उभी. तो मुलगा मधोमध. गृहस्थांनी ध्वनिक्षेपकावरून भाषण केलं : यांचे आईबाप असे, यांच्या पोटात अन्न नाही, वगैरे. (अन्न होतं. त्याच संध्याकाळी त्यांना मी स्वतः वाढलं होतं.) मंडपात एकदम शांतता. बायका पदरानं डोळे टिपायला लागल्या. झोळी फिरली. चार हजार तीनशे दहा रुपये! एका प्रयोगात तेवढे आम्हाला कधीच मिळाले नव्हते. मी विंगेत बसून चिल्लर मोजत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला फार समाधान वाटत होतं.

परतताना टेम्पोत मुलं पेंगली. तो मुलगा जागा होता. तिसऱ्या अंकात तो हसला नव्हता, पण ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. बऱ्याच वेळानं मला म्हणाला, "बाई, आमचं काई चुकलं का?"

"का रे?"

"न्हाई, सर आले की समदे हसतेत. आमी आलो अन् समदे गपच झाले."

त्याला वाटलं होतं की नाटकात त्यांनाही काम दिलं आहे, आणि ते काम त्यांना जमलं नाही.

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा "झोप आता" असंच काहीतरी म्हटलं असेन. तीस वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन पगार घेतला, पण त्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर माझ्याशी बोलेनात. मधल्या सुट्टीत मग स्वतःच आले. म्हणाले, "बाई, मी साडी नेसतो आणि लोक मला हसतात. त्यात माझी लाज जात नाही, कारण साडी मी आपणहून नेसतो. पोरांना फाटका सदरा आपण चढवला." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर आमचा नियम ठरला. मुलं रंगमंचावर येणार नाहीत. ज्या प्रयोगाला येतील, तिथे पहिल्या दोन रांगांमध्ये बसतील, नवे गणवेश घालून. कुणी ओळख करून द्यायची नाही. बघणाऱ्यांना ती कुठल्यातरी शाळेची सहल वाटली तर उत्तमच. झोळी बंद. त्याऐवजी तिसऱ्या अंकाआधी मी पडद्याबाहेर येऊन मागच्या प्रयोगाचा जमाखर्च वाचून दाखवायची. जमा इतकी, खर्च इतका, उरले इतके, त्यांतून ज्वारी इतकी पोती, घोंगड्या इतक्या. रुक्ष काम. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मागून कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली!

उत्पन्न कमी झालं का? झालं, पहिलं वर्ष चांगलंच कमी झालं. ते लपवायचं कारण नाही. गुरुजींना एका महिन्यात उसनवारी करावी लागली. पण पुढच्या वर्षापासून स्मरणिकेच्या जाहिराती वाढल्या. एक कापडवाले म्हणाले, "पैसा कुठे गेला हे सांगणारी नाटकमंडळी पहिल्यांदाच बघतोय." १९९२ पर्यंत आम्ही असे प्रयोग करत राहिलो. मग बदल्या, निवृत्त्या, आजारपणं... मंडळी पांगली.

तो मुलगा? तो पुढच्या हंगामात आलाच नाही. टोळीचा मुकादम बदलला, आईबाप दुसऱ्या कारखान्याला गेले, एवढंच तळावरून समजलं. मी त्याच्या गावच्या शाळेच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकलं होतं. 'तुमचं काही चुकलं नाही, चूक बाईंची होती,' एवढंच लिहिलं होतं. ते त्याला मिळालं की नाही, माहीत नाही. आज तो पन्नाशीला आला असेल.

नंतर मी यावर पुष्कळ विचार केला. नाटकाचा प्रयोग करून एखाद्या कामासाठी पैसा उभारायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र येऊन 'संयुक्त मानापमान' केलं, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. लोकांनी एका तिकिटाला शंभर-शंभर रुपये मोजले, ते दोन गंधर्वतुल्य गळे एकत्र ऐकायला मिळणार म्हणून. ऐंशीच्या दशकात सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले अशी मोठमोठी माणसं अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' घेऊन महाराष्ट्रभर फिरली. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा थोडं मानधन मिळावं, हा हेतू. तिथेही कुणी कार्यकर्त्यांना रंगमंचावर उभं करून 'बघा हे किती गरीब' असं म्हटलं नाही. नावच बघा ना : कृतज्ञता निधी. देणारा ऋण फेडतो आहे, असं ते नाव सांगतं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं, ती दृश्यं मी टीव्हीवर पाहिली. त्या रंगमंचावर आमच्या मावशीनंही एकदा पदर सावरला होता. मुलं तिथे पहिल्या दोन रांगांमध्ये होती. मी विंगेतून बघत होते. मावशी आली, मागचे हजारभर लोक हसले, आणि पुढची एकतीस पोरंही त्याच क्षणाला, त्याच वाक्याला हसली. त्या हसण्यात कोण देणारा, कोण घेणारा, ते ओळखू येत नव्हतं. माझ्या मते विनोदी नाटकाचा पैसा चांगला असतो तो यासाठी. प्रेक्षकाला त्याच्या पंधरा रुपयांचा मोबदला मिळालेला असतो. पोट दुखेपर्यंत हसून तो घरी जातो. कुणावर उपकार केल्याचं ओझं त्याच्याकडे नसतं, आणि उपकार घेतल्याचं मुलाकडे नसतं. मी त्या रात्री मध्येच पडदा वर करून हे सगळं बिघडवलं होतं.

तर परवा मी नातीला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण आजी, चेहरे दाखवल्याशिवाय तिकिटं जात नाहीत गं. सगळे असंच करतात." तिचं अगदीच खोटं नाही. आम्हालाही एक वर्ष तूट सोसावी लागली होती. मी तिला म्हटलं, बालगृहातल्या मुलांची ओळख प्रसिद्ध करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्यानंही मनाई आहे, ते आधी नीट वाचा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या मुलांना एकदा विचारा की तुम्हाला कसं दिसायला आवडेल. जाहिरातीत तुमच्या त्या साडीवाल्या मित्राला घ्या, त्याला बघून लोक येतील. आणि हिशेब वाचून दाखवा, शिट्टी मारली तरी वाचा.

"मित्रांशी बोलते," म्हणाली. अजून काही कळवलेलं नाही. ती मंडळी काय ठरवतात ते ठरवोत, पैसा त्यांना उभा करायचा आहे आणि मेहनतही त्यांचीच आहे.

साडी मात्र काल पार्सलनं पाठवून दिली. सूनबाईंनी माळ्यावरून काढून दिली. निळा रंग जरा उतरलाय, पण काठ शाबूत आहेत. बरोबर डबीत बारा पिना ठेवल्या आहेत आणि एक चिठ्ठी : "निऱ्यांना दोन पिना लावाव्यात, एकीवर भरवसा ठेवू नये. पहिल्या दोन रांगा मुलांसाठी राखून ठेवाव्यात. तिसऱ्या रांगेत कडेची एक खुर्ची माझी. तिकिटाचे पैसे पाठवते आहे, फुकट येणार नाही."